जखमीला उचललं तर नोकरी जाते?

परशुराम घाटात पावसाने निसरडा झालेला रस्ता, आडवी पडलेली दुचाकी, भोवती दहा-बारा माणसं. लोट्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला निघालेल्या एका पोराने जखमेवर दाबायला खांद्यावरचा पंचा काढला आणि परत खांद्यावर टाकला. "दादा, पोलिसांचं लचांड मागे लागलं तर पाळ्या बुडतील. कंत्राटदार ठेवील का मला?"

मुंबई-गोवा महामार्गालगत ही भीती वर्षानुवर्षं ऐकतो आहे. ती आता खरी नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सद्भावनेने मदत करणाऱ्याच्या हातून चूक होऊन जखमीला इजा झाली, अगदी मृत्यू झाला, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. दवाखान्यात पोचवा आणि थेट कामावर जा. दाखल करण्याचे पैसेही तुमच्याकडे मागता येत नाहीत.

साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर. झालातच, तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी, घरी किंवा कामाच्या जागी, आणि पोलीस साध्या कपड्यांत. ठाण्यात गेलात तर एकाच खेपेत.

मात्र या कलमात रजेचा किंवा पगाराचा शब्द नाही. उशीर होणार असेल तर मुकादमाला तिथूनच फोन करा. त्याआधी १०८ ला.