नवोदयची परीक्षा इंग्रजीत असते? कोण म्हणालं!

दरवर्षी नवोदयचे (केंद्र सरकारच्या निवासी शाळेचे) फॉर्म निघाले की गावात तेच सुरू होतं, "नवोदयची परीक्षा इंग्रजीत असते, झेडपीच्या पोरांचं ते काम नाही, फी पण परवडायची नाही". साफ चूक आहे हे. सहावीच्या प्रवेशाचा पेपर मराठीत देता येतो, 80 प्रश्न, 100 मार्क, त्यात सगळ्यात जास्त वजन बुद्धिमत्तेच्या प्रश्नांना, बाकी गणित आणि भाषा. आणि ही शाळा मुळात कुणासाठी काढली? 1986 च्या शैक्षणिक धोरणात खेड्यातल्या हुशार मुलांसाठीच (पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावतीत, हे किती जणांना माहितीये?). कमीत कमी 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्याच शाळेत पूर्ण झालेली पाहिजे, म्हणजे मधेच एक वर्ष पोराला शहरातल्या इंग्लिश मीडियमला टाकलंत की ग्रामीण कोटा गेलाच! राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश फुकट. नववीपासून काही मुलांना विकास निधी भरावा लागतो, मुलींना तोही नाही. फक्त एक, सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते, सहावीत गेल्यावर जागे झालात तर या प्रवेशासाठी काही उपयोग नाही.