मंदी: आभाळातून बँकेच्या वहीत

वेग कमी होणं वेगळं आणि उत्पन्न प्रत्यक्ष आटणं वेगळं, पण मराठीत दोन्हींना आपण सर्रास मंदीच म्हणतो. स्वातंत्र्यानंतर देशाचं एकूण उत्पन्न प्रत्यक्ष घटलं अशी वर्षं बोटांवर मोजण्याइतकी. कोविडचं २०२०-२१ सोडलं, तर त्यामागे बहुतेक वेळा पाऊस होता. वेग मंदावण्याचे प्रसंग मात्र वारंवार आले आणि त्यांचं मूळ पिढीगणिक सरकत गेलं.

१९५० ते १९८० या तीन दशकांत विकासदर सरासरी साडेतीन टक्के होता. लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत होती, म्हणजे माणशी वाढ जेमतेम सव्वा-दीड टक्का. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी याला ‘हिंदू विकासदर’ म्हटलं आणि नाव चिकटलं. मला ते कधीच पटलं नाही. धर्माचा इथे काय संबंध? अडचण होती परवान्यांची, परकीय चलनाच्या टंचाईची आणि सगळ्यात आधी पावसाची. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले, त्यात पाकिस्तानशी युद्ध झालं. अमेरिकेच्या गव्हावर रेशन चाललं. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. पंचवार्षिक योजना तीन वर्षं थांबली. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ १९६७मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले ते याच पडत्या काळात.

१९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, सुकडी, रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि हजेरीपटावर उमटवलेला अंगठा. रोजगार हमी योजना त्या खडीतूनच उभी राहिली. तेव्हाची मंदी अशी दिसायची. १९७९-८०मध्ये दुष्काळ आणि तेलाची भाववाढ एकत्र आली, तेव्हा देशाचं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घसरलं.

ऐंशीच्या दशकात वेग साडेपाच टक्क्यांवर गेला, पण तो बराचसा उसनवारीवर. १९९०मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेल भडकलं आणि जून १९९१पर्यंत तिजोरीत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला गेलं, गहाण म्हणून. त्यावर मिळाले सुमारे ४० कोटी डॉलर. घरातलं सोनं सावकाराकडे जाताना घराला जे वाटतं, ते तेव्हा सगळ्या देशाला वाटलं. २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प एकाच दिवशी आले. त्या वर्षी विकासदर टक्का-दीड टक्क्यावर आला, पण तीन वर्षांत सहाच्या पुढे गेला.

पुढची गोष्ट मात्र आभाळाची नाही आणि डॉलरचीही नाही, ती कर्जाची आहे. २००३ ते २००८ या काळात देश नऊ टक्क्यांच्या आसपास धावत होता आणि बँका वीज, पोलाद, रस्ते, दूरसंचार यांना सढळ हाताने पैसा देत होत्या. २००८मध्ये अमेरिकेची लेहमन ही बडी बँक कोसळल्यावर रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने पैसा देते तो दर, पावणेपाच टक्क्यांपर्यंत खाली आणला. मग महागाई चढली, तेव्हा मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात तेरा वेळा वाढवून तो साडेआठवर नेला. एखादा वीजप्रकल्प डोळ्यांसमोर आणा. कर्ज स्वस्तात घेतलेलं, जमीन अर्धीच ताब्यात, कोळसा मिळालेला नाही आणि व्याज रोज चढतंय. मग बँक व्याजापुरतं नवं कर्ज देते, त्याला पुनर्रचना म्हणते आणि वहीत खातं चालू राहतं. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, २०१४मध्ये दोनशेहून अधिक कोळसा खाणींचं वाटप. रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने २०१५मध्ये बँकांना वह्या उघडायला लावल्या. मार्च २०१८पर्यंत कर्जाच्या शंभरातले अकरा रुपये थकीत निघाले. अनेक सरकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आपली बँक ऑफ महाराष्ट्रही त्यात होती.

बँकांनी हात आखडला, ती जागा वित्त कंपन्यांनी घेतली. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीने चलनातल्या ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका रात्रीत बाद केल्या आणि रोखीवर चालणारे धंदे बसले. सप्टेंबर २०१८मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आयएल अँड एफएस या रस्त्यांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या वित्त कंपनीचे हप्ते चुकले. डोक्यावर ९० हजार कोटींहून जास्त देणं. पैसा उचललेला थोड्या मुदतीचा, गुंतवलेला वर्षानुवर्षं चालणाऱ्या रस्त्यांत. मग कोणीच कोणाला पैसे देईना. बिल्डरचं काम थांबलं, दुचाकीचं कर्ज अवघड झालं. ऑगस्ट २०१९मध्ये मोटारींची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांच्या गेटवर ब्लॉक क्लोजरच्या, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवण्याच्या नोटिसा लागल्या. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला याचा अर्थ कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मोठ्या कंपनीचं शेड्यूल कमी झालं की आधी ओव्हरटाइम जातो, मग दुसरी पाळी, मग कंत्राटी पोरं.

२० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत अर्थमंत्र्यांनी कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२वर आणला. उपाय चुकीच्या टोकाला केला, असं माझं ठाम मत आहे. यंत्रं थांबली होती ती गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आणि करसवलतीने गिऱ्हाईक तयार होत नाही. तीन-चार दिवसांतच पीएमसी या सहकारी बँकेच्या खातेदारांना स्वतःच्या पैशांतले फक्त हजार रुपये काढता येतील, असं कळलं. २०१९-२०चा विकासदर चारच्या आसपास आला, आणि हे कोविडची टाळेबंदी लागण्याआधीच घडत आलं होतं. आज सगळं खापर साथीवर फोडलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

त्यानंतर बँकांच्या वह्या साफ झाल्या. थकीत कर्जांचं प्रमाण मार्च २०२४पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आलं. कर्जदारांच्या यादीतून कारखानदारांची नावं गेली आणि घरांची नावं वाढली. विनातारण वैयक्तिक कर्जं इतकी फुगली, की नोव्हेंबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांसाठी नियम कडक करावे लागले. त्यानंतर सोनेतारण कर्जं झपाट्याने वाढली. यावेळी तराजूवर आहेत पाटल्या आणि मंगळसूत्रं.