अचूक मारा करणारी शस्त्रे : प्रतिउपाय

सोडल्यानंतर लक्ष्याकडे स्वतःची दिशा सुधारत जाणारे बॉम्ब, क्षेपणास्त्रे व तोफगोळे यांचा नेम चुकवण्यासाठी रणांगणावर योजले जाणारे उपाय. असे शस्त्र लेसर, उष्णता, रडार किंवा उपग्रहसंकेत यांच्या आधाराने लक्ष्य शोधते. प्रतिउपाय त्या आधारावरच घाव घालतात, त्यामुळे शस्त्रात कोणताही बिघाड नसताना मारा वाया जातो.

लेसर-मार्गदर्शित बॉम्ब लक्ष्यावरून परतणाऱ्या किरणांचा माग काढतो, म्हणून धूर, धुके व ढग हे त्याचे जुने वैरी. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर मिराज-२००० विमानांनी असे बॉम्ब टाकले ते आकाश निवळलेले असताना. आषाढात पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी दाट धुक्यात विजेरीचा झोत थोड्याच अंतरावर पांढरा होऊन विरतो, तो याच कारणाने. खिशातल्या मोबाइलला मात्र आपले ठिकाण बरोबर कळत असते, कारण उपग्रहाच्या रेडिओलहरींना धुके अडवत नाही.

तथापि जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्याने जमिनीवर पोचणारा त्यांचा संकेत अतिशय क्षीण असतो आणि जवळच्या जॅमरच्या, म्हणजे संकेत दडपणाऱ्या प्रक्षेपकाच्या, गोंगाटात तो सहज बुडतो. जेडॅम या उपग्रह-मार्गदर्शित बॉम्बमध्ये अशा वेळी जडत्वीय यंत्रणा, म्हणजे बाहेरच्या संकेताविना स्वतःच्या गतीवरून ठिकाण ठरवणारी यंत्रणा, काम सांभाळते, पण निम्मे बॉम्ब ज्या वर्तुळात पडावेत त्याची अधिकृत त्रिज्या ५ मीटरवरून ३० मीटरपर्यंत जाते. पुलाच्या खांबासाठी हा फरक फार मोठा आहे. युक्रेनमध्ये रशियन जॅमिंगमुळे एक्सकॅलिबर या जीपीएस-मार्गदर्शित तोफगोळ्यांची परिणामकारकता बरीच घसरली. खोटा संकेत पाठवून शस्त्राला चुकीच्या जागी नेणे, म्हणजे स्पूफिंग, हा याच्या पुढचा टप्पा. उष्णताशोधी क्षेपणास्त्रांना फसवण्यासाठी फ्लेअर, म्हणजे जळते आमिष, तर रडारला फसवण्यासाठी धातुलेपित तंतूंचा चॅफ वापरतात.

सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत चिवट उपाय म्हणजे तोतया लक्ष्य. १९९९ मध्ये कोसोव्होत सर्बियन सैन्याने ट्रकच्या जुन्या चाकांवर लांब काळे ओंडके बसवून 'तोफा' उभ्या केल्या होत्या. कोल्हापूरकराला ही युक्ती नवी नाही : १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या वेशात पालखीत बसलेल्या शिवा काशीदांना शत्रूने पकडले. जॅमिंगमध्ये चुकतो तसा इथे नेम चुकत नाही. तो अचूकच लागतो, फक्त ओंडक्यावर.