मलावीतील आरोग्यसेवक आणि परदेशी मदत

१९६४ मध्ये स्वतंत्र झालेल्या मलावीत पुढची पंचवीसहून अधिक वर्षे एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या तरुणांना प्रामुख्याने ब्रिटनला पाठवले जाई आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यांतले बरेच जण परतत नसत. १९९१ मध्ये ब्लँटायर येथे महाविद्यालय सुरू झाले, तरी पहिल्या तुकड्यांनी सुरुवातीची वर्षे परदेशातच काढली. रुग्णालयातील शिक्षण तेवढे मायदेशी झाले.

परिचारिकांच्या बाबतीत गळती शिक्षणानंतर होत होती. मिशनरी आणि सरकारी संस्थांतून त्या तयार होत, पण तुटपुंज्या पगारामुळे अनेक जणी ब्रिटनमधील नोकरी पत्करत. याच काळात एचआयव्हीने देश पोखरला होता. रुग्णांची संख्या वाढत होती आणि खुद्द आरोग्य कर्मचारीही या आजाराला बळी पडत होते.

या पार्श्वभूमीवर २००४ मध्ये मनुष्यबळासाठी सहा वर्षांचा आणीबाणीचा कार्यक्रम आखला गेला. ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने आरोग्यक्षेत्रासाठी देऊ केलेल्या १० कोटी पौंडांपैकी साडेपाच कोटी याच कामासाठी होते. पगार हा दरवर्षीचा खर्च असल्याने देणगीदार सहसा त्यापासून दूर राहतात. येथे मात्र ११ संवर्गांतील कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के भर घालण्यात आली, प्रशिक्षण संस्थांची क्षमता वाढवली गेली आणि स्थानिक माणसे तयार होईपर्यंत परदेशी डॉक्टरांनी रुग्ण तपासत शिकवण्याचेही काम केले. माझ्या मते या कार्यक्रमाचे मोठेपण या तीन गोष्टी एकत्र करण्यात आहे, कारण शिकवलेला माणूस टिकणार नसेल तर प्रशिक्षणावरचा खर्च श्रीमंत देशांच्याच रुग्णालयांना पोचतो. डॉक्टर नसलेल्या जिल्हा रुग्णालयांत सिझेरियनसारख्या शस्त्रक्रियाही करणारे क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टरची पदवी नसलेले, पण उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी) या ११ संवर्गांत होते, हेही महत्त्वाचे आहे. ग्रामीण मलावीतील बाळंतिणींचे प्राण बहुतांशी त्यांच्याच हाती असतात.

या संवर्गांतील कर्मचाऱ्यांची संख्या २००४ मधील ५,४५३ वरून २००९ पर्यंत ८,३६९ झाली. कार्यक्रमाची मुदत संपल्यावर वाढीव पगाराचा भार मलावीच्या तिजोरीवर येऊ लागला. २०१३ मध्ये सरकारी निधीतील घोटाळा उघड होताच देणगीदारांनी अर्थसंकल्पाला दिली जाणारी थेट मदत थांबवली आणि पुढील वर्षांत पदवी घेतलेल्या परिचारिका व डॉक्टरांना, रुग्णालयांत माणसांची टंचाई असूनही, नेमणुकीसाठी ताटकळावे लागले.