व्हीएफआरमध्ये सराव अप्रोच: परवानगी कशी मागायची, पात्रता आणि कागदपत्रे

अमेरिकेत पायलट ट्रेनिंगला निघालेली कुडाळ-मालवणकडची मुलं हमखास विचारतात: इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नुसत्या उपकरणांवर उडण्याची पात्रता) हातात नसताना आयएलएसचा, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरत जाण्याच्या अप्रोचचा, सराव करता येतो का? येतो. हवामान व्हीएफआरचं (बाहेर डोळ्यांनी पाहून उडण्याजोगं) असेल तर प्रायव्हेट पायलटलाही तो मागता येतो. छापील अर्ज नाही, फी नाही. विनंती रेडिओवरच करायची.

कागदपत्रं नेहमीचीच: पायलट सर्टिफिकेट, चालू मेडिकल, फोटो ओळखपत्र. विमानात एअरवर्दिनेस आणि रजिस्ट्रेशनची कागदं, फ्लाइट मॅन्युअल, वजन-संतुलनाचा तक्ता. परदेशी विद्यार्थ्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी लागते. ती निघण्याआधीच मार्गी लावा.

डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) चढवणार असाल तर शेजारी सेफ्टी पायलट, म्हणजे बाहेर लक्ष ठेवणारा दुसरा पायलट, हवाच. त्याच्याकडे त्या वर्गाच्या विमानाचं किमान प्रायव्हेट पायलट रेटिंग आणि चालू मेडिकल असावं, विमानाला दुहेरी कंट्रोल असावेत. इन्स्ट्रक्टर सोबत असला की हे काम तोच करतो.

आता विनंती. अप्रोच कंट्रोलच्या (विमानतळाकडे येणारी विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या) हद्दीत शिरण्याआधीच, हूड घालण्यापूर्वी, एटिस, म्हणजे विमानतळाच्या हवामानाची ध्वनिमुद्रित माहिती, ऐकून घ्या; तिला ओळखीचं एक अक्षर असतं. मग कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), ठिकाण, उंची, एटिसचं अक्षर आणि पुढे: 'रिक्वेस्ट प्रॅक्टिस आयएलएस रनवे टू सेव्हन, टच अँड गो, व्हीएफआर.' 'प्रॅक्टिस' हा शब्द गाळू नका. शेवट कसा करणार, म्हणजे फुल स्टॉप (उतरून थांबणं), टच अँड गो (चाकं टेकवून लगेच उडणं), लो अप्रोच (न टेकवता धावपट्टीवरून जाणं) की मिस्ड (उतरणं सोडून ठरल्या मार्गाने पुन्हा चढणं), हेही त्याच दमात सांगा. कंट्रोलर स्क्वॉक कोड (रडारवर ओळख पटवणारा आकडा) देईल. गर्दी असली तर थांबवेल किंवा नाही म्हणेल. त्यावर वाद घालू नका, दुसरं विमानतळ मागा.

मिस्ड अप्रोचबद्दल मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. चार्टवर मिस्ड अप्रोच छापलेला असतो, म्हणून तो आपोआप मिळाला असं नाही. व्हीएफआर विमानाला तो वेगळा मागावा लागतो आणि मंजूर व्हावा लागतो. मंजुरी नसताना चार्टप्रमाणे चढत गेलात, तर ज्या हवेत दुसरं कोणी नाही असं तुम्ही गृहीत धरता, तिथे आयएफआर (उपकरणांच्या नियमांनी उडणारं) विमान असू शकतं.

परवानगीचा अर्थही नीट समजून घ्या. सराव मंजूर झाला तरी तुम्ही व्हीएफआरच असता. जिथे सेपरेशन (कंट्रोलरने इतर विमानांपासून राखलेलं अंतर) मिळतं तिथेही उभं अंतर ५०० फुटांपर्यंत खाली येऊ शकतं, आणि 'नो सेपरेशन सर्व्हिसेस प्रोव्हायडेड' असं ऐकू आलं तर तेही नाही. बाहेर पाहणं तुमच्याच दोघांवर. क्लास ई हवेत (नियंत्रित हवाई हद्दीच्या एका वर्गात) १०,००० फुटांखाली ३ मैल दृश्यमानता आणि ढगांपासून वर १,०००, खाली ५००, आडवं २,००० फूट अंतर राखायचं. कंट्रोलरने दिलेली दिशा ढगात नेत असेल तर लगेच 'अनेबल' म्हणा आणि कारण सांगा. कृपा करून इथे भीड धरू नका.

टॉवर नसलेल्या विमानतळावर आधी सीटीएएफवर (तिथल्या पायलटांच्या सामाईक रेडिओ फ्रिक्वेन्सीवर) पोझिशन सांगा. सर्किटमध्ये डोळ्यांनी उडणाऱ्यांना आयएलएसच्या फिक्सची (मार्गावरच्या ठराविक बिंदूंची) नावं माहीत असतीलच असं नाही, म्हणून 'पाच मैल फायनल' असं साधं बोला.

इकडे कोकणात परतल्यावर नियम बदलतात. भारतात व्हीएफआरला १०,००० फुटांखाली ५ किमी दृश्यमानता लागते, कंट्रोल झोनमध्ये ढगांचा तळ १,५०० फुटांखाली नको. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर हे जुळणं अवघड, म्हणून सरावाचे बेत पावसाळा सरल्यावरच आखा. फ्लाइट प्लॅन आणि एअर डिफेन्स क्लिअरन्सचं (हवाई संरक्षणाच्या परवानगीचं) पाहा. दाबोळीचं एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) नौदलाकडे आहे, रत्नागिरीला तटरक्षक दलाचा तळ आहे, तेव्हा तिथे सरावाचं आदल्या दिवशीच फोनवर विचारून ठेवा.

उतरल्यावर लॉगबुकात त्याच दिवशी अप्रोचचा प्रकार, ठिकाण आणि सेफ्टी पायलटचं नाव लिहा. डीजीसीएकडे (भारताच्या विमान वाहतूक नियामकाकडे) लायसन्स रूपांतरासाठी द्याल तेव्हा हीच पानं तपासली जातात.