वेझचा एरिया मॅनेजर व्हायचंय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

वेझ हे गाडी चालवताना रस्ता दाखवणारं ॲप. त्याचा नकाशा स्वयंसेवक दुरुस्त करतात आणि त्यातला एका भागाची जबाबदारी घेणारा म्हणजे एरिया मॅनेजर. आधी कागदपत्रांचं, कारण पहिला प्रश्न तोच येतो. आधार, पॅन, लायसन्स, रहिवासी दाखला, काहीही लागत नाही. एका काकांनी अर्जाबरोबर आधार कार्ड पुढून-मागून स्कॅन करून पाठवलं होतं. कृपा करून असं करू नका. अर्ज वाचणाराही तुमच्यासारखाच स्वयंसेवक आहे, त्याला तुमचं आधार कशाला हवंय? आणि वेझ 2013 पासून गूगलच्या मालकीचं असलं, तरी इथे पगार नाही आणि तुम्ही गूगलचे कर्मचारीही होत नाही.

साध्या एडिटरला फक्त आपण गाडी चालवलेल्या रस्त्यांच्या आसपासचा नकाशा दुरुस्त करता येतो. एरिया मॅनेजरला ठरलेल्या भागात, तिथे गाडी नेली नसली तरी, काम करता येतं आणि त्या भागातल्या चालकांच्या तक्रारी निस्तरणं त्याच्याकडून अपेक्षित असतं. कितवी लेव्हल (एडिटरचा दर्जा), किती एडिट (नकाशात केलेले बदल) हवेत हे प्रत्येक देशाचा समुदाय आपापलं ठरवतो. ते तुमच्या स्टेट किंवा कंट्री मॅनेजरलाच विचारा.

आता गाडी अडते कुठे, ते बघू.

सगळ्यात जास्त लोक खात्यावरून फसतात. फोनमधलं खातं वेगळं, कॉम्प्युटरवर नकाशा उघडलेलं खातं वेगळं. महिनाभर गाडी चालवली तरी कॉम्प्युटरवरच्या नकाशात एकही रस्ता हाताला लागत नाही. नाव ‘वर्ल्ड’ आणि पुढे अगम्य अक्षरं असं असेल, तर ते वेझनं आपणहून दिलेलं आहे. आधी नीट नाव घ्या आणि दोन्हीकडे तेच वापरा.

दुसरा घोळ 90 दिवसांचा. गाडी चालवून मिळालेला एडिटचा हक्क त्या फेरीपासून 90 दिवस टिकतो, कायमचा नाही. दिवाळीत गावी जाऊन आलात आणि उन्हाळ्यात तिथला रस्ता दुरुस्त करायला बसलात, तर तो उघडणार नाही. तो बिघाड नव्हे.

‘माझं काम’ म्हणून जे दाखवायचं, ते नेमकं कुणाकडेच नसतं. पर्मालिंक, म्हणजे नकाशावरची ती जागा आणि तो रस्ता थेट उघडणारी लिंक. लोक स्क्रीनशॉट पाठवतात, मग परत या. काम करतानाच एका फाइलमध्ये लिंका साठवा. चालकांच्या तक्रारींना दिलेली उत्तरंही धरा. घरांचे नंबर भराभर टाकून वाढवलेल्या एडिटच्या आकड्यापेक्षा दहा तक्रारी नीट सोडवलेल्या जास्त बोलतात.

तुमच्या एडिटचा इतिहास तपासला जातो, हे विसरू नका. पुण्यात बाजीराव रोड, शिवाजी रोड एकेरी आहेत. तिथल्या एका बोळातून उलट्या दिशेनं वळण दिसत होतं. करायचं होतं एवढंच, की बोळाचा सेगमेंट, म्हणजे नकाशावरचा रस्त्याचा तुकडा, निवडून चौकातल्या त्या वळणाचा हिरवा बाण लाल करायचा. एका उत्साही मुलानं अख्खा सेगमेंट पुसून नव्यानं काढला. जुन्या सेगमेंटबरोबर त्याच्या वेगाचा साठलेला डेटाही गेला. अर्ज तिथेच संपला. वर ‘बदल दिसत नाही’ म्हणून त्यानं तेच दोनदा केलं होतं. नकाशा ताजा व्हायला एखादा दिवस, कधी जास्तही लागतो. थांबा.

आणि हो, दुसऱ्या नकाशांवरून उतरवू नका. गूगल मॅप्सवरूनही नाही, मालक एकच असला तरी.

भाग मागताना हात आखडता घ्या. पहिल्याच अर्जात अख्खा पुणे जिल्हा मागितला, तर नकार ठरलेला. आपली पेठ, आपला उपनगराचा पट्टा मागा. आणि मॅनेजर झालात म्हणून लॉक, म्हणजे ठरावीक लेव्हलखालच्यांना असलेली एडिटची बंदी, सुटत नाहीत. मोठ्या महामार्गांना वरच्या लेव्हलचं लॉक असतं. तुमची लेव्हल 2 आणि सेगमेंटचं लॉक 4, तर पर्मालिंक देऊन वरच्याकडूनच करून घ्यायचं.

उत्तराची वाट मात्र बघावी लागते. कधी आठवडे जातात. ‘नियमांत बसत नाही’ एवढंच एका ओळीत येतं आणि कुठला नियम ते कुणी सांगत नाही, याचा मलाही वैताग आहे. सरकारी खिडकीला नावं ठेवायची आणि आपण तेच करायचं! अशा वेळी भांडू नका. कुठला एडिट खटकला, त्याची पर्मालिंक मागा. ती मिळाली की दुरुस्त करा आणि त्याच संभाषणात कळवा. नवा अर्ज टाकलात तर रांगेत पुन्हा शेवटी.