गाडी बोलावण्याआधी हे वाचा
(दारू, नशा किंवा मानसिक आजाराच्या रुग्णाला दवाखान्यात नेण्याविषयी, आमच्या नाशिकमधील रुग्णवाहिका सेवेचं माहितीपत्रक)

रात्री उशिरा आमच्या फोनवर एक मागणी हमखास येते: "चार माणसं पाठवा, त्याला उचला आणि व्यसनमुक्ती केंद्रात टाकून या." बोलणारी बहुतेक वेळा आई असते, नाहीतर बायको. कधी सिडकोतून, कधी सातपूरहून, कधी पार सिन्नरहून. त्या घरानं काय काय सोसलंय हे आवाजावरूनच कळतं. तरीही उचलून नेणारी माणसं आम्ही पाठवत नाही. का, आणि मग करायचं काय, हे तेव्हा घाईत सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा कायदा 2018 पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्थाही त्यात मानसिक आजारातच धरल्या आहेत. त्यामुळे अशा रुग्णांना भरती करून ठेवणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते. नोंदणीशिवाय चालवलं तर पहिल्या वेळी 5 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे. पैसे भरण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर पेशंटला गाडीतून उतरवू नका.

माणूस स्वतः तयार असेल तर सगळं सोपं. तो सही करून भरती होतो आणि जायचं म्हणाला की त्याला सोडावं लागतं; तपासणी गरजेची वाटली तर डॉक्टर फार तर 24 तास थांबवू शकतात. आमचा अनुभव असा की सकाळी, नशा उतरलेली असताना, ज्याचं तो ऐकतो अशा माणसानं विचारलं तर पुष्कळ जण "चला" म्हणतात. रात्री भांडणात विचारलं तर कुणीच म्हणत नाही.

तयार नसेल, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा स्वतःला सांभाळणंच त्याला जमत नसेल, तर नातेवाइकाच्या अर्जावर भरती होऊ शकते. पण त्यासाठी दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं: एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्याचा जाणकार किंवा डॉक्टर. ही भरती जास्तीत जास्त 30 दिवसांची. पुरुष रुग्ण असेल तर 7 दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा भरतीवर देखरेख ठेवणारं कायद्यानं नेमलेलं मंडळ) कळवावं लागतं. मंडळाचा पत्ता आणि फोन केंद्रात दर्शनी जागी लावलेला असायला हवा. आमच्या ड्रायव्हरनं हात धरणं या कशातच बसत नाही.

एकदा नाशिकरोडच्या एका घरी गेलो तर पेशंटचे हात टॉवेलनं पलंगाला बांधलेले. दोन दिवस दारू मिळू दिली नव्हती, आता उतरेल म्हणून घरचे वाट बघत होते. बनियन घामानं चिंब, बोटं थरथरताहेत. "भिंतीवरच्या मुंग्या झटका," असं तो सारखा म्हणत होता. भिंत कोरी होती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर कंप सुटतो, फिट येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीत द्यावी लागतात. आम्ही टॉवेल सोडला आणि गाडी केंद्राकडे न नेता त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला नेली. तेव्हा कृपा करून कुणाला खोलीत कोंडून दारू सोडवू नका.

जीव धोक्यात असेल तेव्हा कायदा हात बांधत नाही. कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, घरीसुद्धा, तातडीचे उपचार देऊ शकतो. जवळच्या आस्थापनेत तपासणीसाठी नेणंही त्यातच येतं. हे उपचार 72 तासांपर्यंत. अशा वेळी 108 ला फोन करा किंवा आम्हाला करा, पण आधी डॉक्टरांना बोलवा. मारहाण सुरू असेल तर 112. पोलिसांनी अशा माणसाला संरक्षणात घेतलं तरी त्याला कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं.

भरती झाल्यावर भेटायला नक्की जा. साखळीनं बांधायला कायद्याची पूर्ण बंदी आहे, कुठल्याही कारणानं. जबरदस्तीनं टक्कल करता येत नाही, गणवेश घालता येत नाही, झाडलोट करून घेता येत नाही. फोन करायचा आणि भेटायचा हक्क त्याला आहे. "पहिला महिना भेट बंद" असं कुणी सांगितलं तर लेखी मागा. फुकट वकील हवा असेल तर विधी सेवेचा क्रमांक 15100. मन मोकळं करायला टेली मानस 14416, व्यसनाच्या सल्ल्यासाठी 14446.

आम्हाला फोन कराल तेव्हा एवढं सांगा: शेवटचं कधी घेतलं, रोज किती, पूर्वी फिट आली होती का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि घरात तो कोणाचं ऐकतो. त्या माणसाला गाडीत सोबत पाठवा. पेशंटनं स्ट्रेचरवर झोपलंच पाहिजे असा आमचा हट्ट नसतो. बसून यायचं म्हणाला तर बसून येऊ द्या.